पहिला पेपर आर्काइव्हवर चढवताना

आर्काइव्ह (arXiv) म्हणजे संशोधक आपले पेपर जर्नलमध्ये छापून येण्याआधी सगळ्यांना वाचायला ठेवतात ती वेबसाइट. तिथल्या प्रत्येक पेपरला एक क्रमांक असतो. टिंबाआधीचे चार आकडे वर्ष आणि महिना सांगतात, टिंबानंतरचे आकडे त्या महिन्यातला अनुक्रम. एप्रिल २००७ ते डिसेंबर २०१४ या काळात टिंबानंतर चारच आकडे असायचे, म्हणजे महिन्याला ९,९९९ पेपर मावतील एवढी जागा. ती अपुरी पडायची वेळ आली, म्हणून जानेवारी २०१५ पासून पाच आकडे करावे लागले. आता महिन्याला २० हजारांहून जास्त पेपर येतात.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतून हे सुरू केलं, तेव्हा वर्षाला शंभरेक पेपर येतील असा अंदाज होता. सैद्धांतिक कणभौतिकीतली थोडी मंडळी, बहुतेक एकमेकांना ओळखणारी, आपल्या निबंधांच्या फायली ईमेलने एका यंत्राकडे पाठवायची आणि दुसऱ्यांच्या मागवून घ्यायची. २००१ मध्ये हा सगळा पसारा कॉर्नेल विद्यापीठात गेला. नावातलं ‘एक्स’ हे ग्रीक अक्षर ‘काय’ म्हणून वाचायचं, म्हणून उच्चार आर्काइव्ह. इथे रेफरी, म्हणजे पेपर तपासून मान्य-अमान्य करणारे तज्ज्ञ, नसतात. जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट, कोणालाही फुकट वाचता येतो. भौतिकी, गणित, खगोलशास्त्र, संगणकशास्त्र यांत काम करणारे लोक सकाळच्या चहाबरोबर जी यादी उघडतात ती हीच.

आम्ही खगोलभौतिकीत काम करतो आणि पीएचडीच्या नव्या मुलामुलींचे पहिले पेपर इथे चढवून घेतो. कॉलेजात शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्यांचेही. संशोधन कसं करावं, पेपर कसा लिहावा, यावर सगळे बोलतात. लिहून झाल्यानंतरच्या सहा आठवड्यांत काय करायचं ते मात्र नव्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि तो अडतो तो तिथेच.

पहिलं काम माणसांचं. कोणत्याही विषयात पहिल्यांदा पेपर टाकताना एंडॉर्समेंट लागते. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची, तसाच हा प्रकार. त्या विषयात आधीपासून लिहिणाऱ्या कोणीतरी ‘ही व्यक्ती या विषयात खरोखर काम करते’ एवढं सांगायचं. पेपर बरोबर आहे असं त्यात कोणी म्हणत नाही. ही पद्धत जानेवारी २००४ मध्ये आली. पुढे बरीच वर्षं नावाजलेल्या संस्थेचा ईमेल पत्ता असला की बहुतेकांना ही पायरी लागतच नसे. यंत्राने पेपर लिहून देण्याचे दिवस आले आणि गर्दी इतकी वाढली की २०२६ च्या सुरुवातीपासून नुसता संस्थेचा ईमेल पुरेसा राहिला नाही. आता संस्थेचा ईमेल असेल तर त्याच्या जोडीला त्या क्षेत्रातल्या आधीच्या एखाद्या पेपरवर लेखक म्हणून तुमचं नाव हवं. नाहीतर एंडॉर्समेंट देणारा माणूस हवा.

संस्थेचा ईमेल हा आमच्या मते कधीच चांगला निकष नव्हता. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत प्राध्यापक जीमेलच वापरतात. त्यांचं काम त्याने कमी ठरत नाही. आता मोठ्या संस्थेतला विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावातले प्राध्यापक, दोघांनाही माणूसच शोधावा लागतो, एवढ्यापुरती बरोबरी झाली. पण विद्यार्थ्याचे गाईड शेजारच्या खोलीत बसतात आणि त्या प्राध्यापकांना ओळख काढायला पुण्या-मुंबईला यावं लागतं. ते अंतर नियमाने मिटलेलं नाही. खगोलशास्त्रापुरतं सांगायचं तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात विद्यापीठ आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी व्हिजिटिंग असोशिएटची योजना आहे. तीन वर्षं अधूनमधून तिथे जाऊन राहता येतं, काम करता येतं. अशा मुक्कामात दुपारच्या चहाला ज्यांच्याशी बोलणं होतं, पुढे एंडॉर्समेंट देणारे तेच असतात. पेपर हातात घेऊन मग माणूस शोधायला निघालं तर फार उशीर होतो.

प्रत्यक्ष पद्धत अशी. खातं उघडायचं, नवा पेपर सुरू करायचा, विषय निवडायचा. एंडॉर्समेंट लागणार असेल तर तसं पानावर येतं आणि तुमच्या ईमेलवर सहा अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. हा कोड तुम्ही त्या व्यक्तीला पाठवायचा आणि त्यांनी तो आपल्या खात्यातून भरायचा. कोण एंडॉर्स करू शकतं हे ओळखायला सोपी खूण आहे: कोणत्याही पेपरच्या सारांशाच्या पानावर तळाशी, ‘यातले कोणते लेखक एंडॉर्सर आहेत’ हे दाखवणारा दुवा असतो. अट अशी की त्या विषयात त्यांचे ठरावीक संख्येने पेपर असावेत आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुने, पण पाच वर्षांच्या आतले असावेत. इथे बरेच जण फसतात. विषयात ज्यांचा शब्द चालतो, पण निवृत्तीनंतर सहा वर्षांत ज्यांनी काही टाकलेलं नाही, असे सर एंडॉर्स करू शकत नाहीत. दोनच वर्षांपूर्वी पीएचडी झालेली त्यांची विद्यार्थिनी करू शकते.

अनोळखी व्यक्तीला लिहायची वेळ आली तर एका वेळी एकालाच लिहा. वीस जणांना एकच मजकूर गेला की तो ओळखू येतो. एका विषयातली माणसं एकमेकांच्या रोजच्या बोलण्यातली असतात. ईमेल दहा ओळींच्या आत बसवा. तुम्ही कोण, कुठे, कोणाबरोबर काम करता. पेपरचा प्रश्न एका वाक्यात. त्यांचं कोणतं काम तुम्ही वापरलंत आणि तुमच्या पेपरात ते कुठल्या भागात येतं. सोबत पूर्ण पीडीएफ आणि कोड. ‘आपल्या बहुमोल योगदानाने प्रभावित होऊन’ अशी वाक्यं नकोत. त्यांच्या २०२१ च्या पेपरातली तिसरी आकृती तुमच्या माहितीशी जुळत नाही, एवढं नेमकं लिहिलंत तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त. दहा दिवस थांबा, एकदाच आठवण करा, मग दुसऱ्या व्यक्तीकडे वळा. कोणी नाही म्हटलं तर कारण विचारू नका. त्यांना तो अधिकार आहे, आणि ओळखत नसलेल्याला नाही म्हणणं त्यांच्याकडून अपेक्षितच असतं.

जे गटात आहेत त्यांच्यासाठी एक छोटं काम, जे जवळजवळ सगळेच विसरतात. तुम्ही दुसऱ्या कोणाच्या पेपरवर सहलेखक असाल तर तो पेपर आर्काइव्ह आपोआप तुमच्या खात्यात धरत नाही. ज्याने पेपर चढवला त्याच्याकडे त्या पेपरचा पासवर्ड असतो. तो मागून घ्यायचा आणि आपल्या खात्यातून मालकी नोंदवायची. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी सीनियरच्या पेपरवर पाचव्या क्रमांकावर नाव आलं होतं, तोच पेपर आता ‘आधीचं लेखन’ म्हणून उपयोगी पडतो. शिवाय पुढे स्वतः एंडॉर्स करायचं तर मोजणी याच नोंदींवरून होते.

आता फायली. लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर आज्ञा लिहून मांडायच्या प्रणालीत, लिहिलेला पेपर असेल तर आर्काइव्ह त्याची पीडीएफ घेत नाही. ती लाटेकमधून बनलेली आहे हे ओळखून परत करतं आणि मूळ फायली मागतं. त्या त्यांच्या यंत्रावर नव्याने चालवल्या जातात, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेलं तिथे अडतं. सगळ्यांत जास्त वेळा अडतं ते फायलींच्या नावांवर. विंडोजला फाइलच्या नावात मोठं अक्षर की छोटं याने फरक पडत नाही, आर्काइव्हच्या लिनक्सला पडतो. आकृतीच्या फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि मजकुरात छोट्या अक्षराने लिहिलं असेल तर ‘फाइल सापडली नाही’ असं येतं, आणि नवा माणूस तासभर बघत बसतो, कारण फाइल समोर दिसत असते. नावात मोकळी जागा नको, कंस नकोत, देवनागरी नको. आकृत्या लॅपटॉपवरच्या कुठल्यातरी फोल्डरच्या पूर्ण पत्त्याने बोलावल्या असतील तर तो पत्ता काढून टाका. लाटेकमधून थेट पीडीएफ बनवणारं पीडीएफलाटेक वापरत असाल तर आकृत्या पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीजी ठेवा. जुन्या प्रोग्रामने काढलेल्या ईपीएस आकृत्या आधी घरीच बदलून घ्या. संदर्भसूचीची तयार फाइल, जिला आम्ही बीबीएल म्हणतो, सोबत द्या आणि तिचं नाव मुख्य फाइलच्या नावाशी जुळवा. ते जुळलं नाही तर मजकुरात संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक संपादकावर लिहीत असाल तर आर्काइव्हसाठीची झिप तिथूनच मिळते आणि तिच्यात ही फाइल असते.

एकूण मर्यादा ५० एमबी. आपल्याकडे ती ओलांडली जाते एकाच कारणाने: लाखभर ठिपक्यांचा आलेख पीडीएफमध्ये जतन केलेला असतो आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्र चित्र म्हणून साठवला जातो. मर्यादेत बसला तरी असं पान फोनवर उघडताना वाचणाऱ्याचा जीव जातो. ठिपक्यांचा थर चित्ररूपात करा, अक्ष आणि अक्षरं तशीच ठेवा. फाइल ३० एमबीवरून अर्ध्या एमबीवर येते.

पेपर प्रसिद्ध झाला की त्याच्या मूळ फायलीही कोणालाही उतरवून घेता येतात. यावर आम्ही प्रत्येक नव्या मुलाशी थांबून बोलतो. लाटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचा मजकूर छापला जात नाही, पण फाइलमध्ये राहतो. ‘हा आकडा सरांना विचारायचा’, ‘इथे त्यांचा पेपर चुकलाय पण नाव नको’, पुढच्या पेपरसाठी राखून ठेवलेला अख्खा परिच्छेद, सहलेखकांची आपापसातली नोकझोक, सगळं जगापुढे जातं. फाइल पाठवण्याआधी अशा ओळी काढून टाका. टाकलेल्या जुन्या आकृत्याही झिपमध्ये राहिलेल्या नाहीत ना ते बघा.

माहितीच्या रकान्यांना पंधरा मिनिटं लागतात, पण घाईत भरू नयेत. सारांशाला १,९२० अक्षरांची मर्यादा आहे. पेपरातला सारांश जसाच्या तसा चिकटवला तर तुम्ही स्वतः बनवलेल्या लाटेक आज्ञा आणि संदर्भांच्या खुणा तिथे कच्च्याच दिसतात. त्या हाताने काढा. शेऱ्याच्या रकान्यात पानं, आकृत्या आणि कुठल्या जर्नलकडे पाठवलाय ते लिहा. विषय निवडताना गाईडना विचारा. खगोलशास्त्राचे सहा पोटविषय आहेत: दीर्घिका, विश्वरचना, ग्रह, उच्च ऊर्जा, उपकरणं आणि पद्धती, सूर्य व तारे. चुकीच्या पोटविषयात टाकलेला पेपर ज्यांनी वाचायला हवा त्यांच्या यादीत येतच नाही. पेपर इतरांना कसा वापरता येईल हे ठरवणारं लायसन्स एकदा निवडलं की मागे घेता येत नाही. जर्नलचा नियम नक्की माहीत नसेल तर आर्काइव्हचं स्वतःचं साधं लायसन्स घ्या.

नावाचा निर्णय पहिल्याच पेपरला घ्यावा लागतो. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. तेच उतरवलं तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि वडिलांच्या नावाने पेपर शोधावे लागतात. मधलं अक्षर एका पेपरात आहे आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की यंत्राच्या लेखी दोन माणसं होतात. मुलींना लग्नानंतर आडनाव बदलायचा आग्रह होतो. कागदोपत्री काहीही करा, पेपरवरचं नाव पहिलंच ठेवा असं आम्ही स्पष्ट सांगतो. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा आकड्यांचा क्रमांक काढून खात्याला जोडून ठेवा.

आभाराचा परिच्छेदही याच वेळी तपासा. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरली असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानणारं ठरलेलं वाक्य असतं. रात्री तीन वाजता दुर्बिणीच्या तबकड्या वळवणारे लोक त्या एका वाक्यातच असतात. ते विसरू नये.

वेळेचं गणित भारतातून जरा उलटं पडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनला त्या दिवसाचे पेपर घेण्याची खिडकी बंद होते आणि रात्री आठला नव्या पेपरांची यादी निघते. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्याकडे रात्री ११:३० ची वेळ, आणि यादी पहाटे ५:३० ला. हिवाळ्यात दोन्ही एका तासाने पुढे. नवी यादी आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार सकाळी येते. शुक्रवारी रात्री खिडकी बंद झाल्यावर टाकलेला पेपर मंगळवारी सकाळी दिसतो. यादी आल्या क्रमाने लागते, त्यामुळे खिडकी उघडल्या उघडल्या पेपर टाकून पहिला नंबर लावायची धडपड चालते. यादीत वर असलेल्या पेपरांना पुढे जास्त संदर्भ मिळतात, हे २००९ मध्ये खुद्द गिन्सपार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने तपासून दाखवलं आहे. तरी पहिल्या पेपरला या शर्यतीत उतरू नये असं आमचं मत. पेपर दुपारी तीनला, गाईड आणि एखादा सहलेखक शेजारी असताना चढवा. शेवटचं बटण दाबण्याआधी त्यांच्या यंत्राने बनवलेली पीडीएफ दिसते. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कागदावर छापून वाचा. पडद्यावर वाचून सुटलेली चूक कागदावर सापडते. खिडकी बंद होईपर्यंत पेपर परत घेऊन दुरुस्त करता येतो, रांगेतली जागा तेवढी जाते.

कधी पेपर यादीत न येता ‘होल्ड’वर जातो. आलेले पेपर चाळणारे मॉडरेटर त्याच विषयातले संशोधक असतात आणि हे काम विनामोबदला करतात. पोटविषय बदलायचा असेल, मजकूर दुसऱ्या पेपराशी फार जुळत असेल किंवा हे संशोधनच आहे का अशी शंका असेल, तर ते थांबवतात. दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. घाबरून तोच पेपर दुसऱ्या विषयात पुन्हा टाकणं ही सर्वांत वाईट चाल. प्रस्तावनेचे परिच्छेद आपल्याच गटाच्या जुन्या पेपरातून उचलले असतील तर पेपर येतो, पण ‘अमुक पेपराशी मजकूर जुळतो’ असा शेरा सारांशाखाली बसतो. संगणकशास्त्रात ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून आढावा लेख आणि मतप्रदर्शनपर लेख रेफरींनी मान्य केल्याशिवाय घेत नाहीत. कारण तेच, लोंढा. नव्या विद्यार्थ्याला पहिला लेख म्हणून आढावा लिहायला सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या विषयापुरती ती आता बदलावी लागेल.

कधी टाकावा? संगणकशास्त्रात लिहून झाला की टाकतात. आम्ही पहिला पेपर रेफरीचा पहिला अहवाल आल्यानंतरच टाकू देतो, कारण पहिली आवृत्ती कधीच पुसली जात नाही. पेपर मागे घेतला तरी ‘मागे घेतला’ अशी नोंद होते आणि जुनी आवृत्ती तिथेच राहते.

यादी आली की त्याच दिवशी दुपारपर्यंत दोन-तीन ईमेल येतात. बहुतेकांचा आशय एकच: आमच्या अमुक पेपराचा उल्लेख राहिला. नव्या माणसाला तो आरोप वाटतो. तो आरोप नसतो. समोरच्याने तुमचा पेपर उघडून संदर्भसूचीपर्यंत वाचला, आणि तेही पहिल्याच दिवशी. तो पेपर खरंच संबंधित असेल तर आभार मानून पुढच्या आवृत्तीत घालू म्हणा. नसेल तर सहलेखकांना विचारून दोन ओळींत नम्रपणे सांगा. उत्तर त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. अशा पत्रव्यवहारातून पुढे एकत्र कामं उभी राहतात. सुधारणा साठवून दुसरी आवृत्ती एकदाच टाका. दर दोन दिवसांनी नवी आवृत्ती दिसली की लेखकाची घाई दिसते. पाचव्या आवृत्तीनंतर तर यादीत उल्लेखही होत नाही. जर्नलमध्ये छापून आल्यावर खंड, पान आणि डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक) नोंदवायला नवी आवृत्ती लागत नाही, तो वेगळा रकाना आहे.

थिसिसच्या वेळी आणखी एक गाठ पडते. विद्यापीठाचं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तुमचेच आर्काइव्हवरचे पेपर ‘जुळणारा मजकूर’ म्हणून दाखवतं, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच माफ आहे. स्वतःचे पेपर वगळून अहवाल काढायला ग्रंथालयात आधीच सांगा. पेपरांची यादी गाईडच्या सहीने सोबत न्या.

मग पुरेसे पेपर झाले, तीन महिने उलटले, की एखाद्या सकाळी अनोळखी नावाचा ईमेल येतो: सहा अक्षरांचा कोड, सोबत पीडीएफ. आता एंडॉर्सर तुम्ही आहात. पूर्ण पेपर तपासणं तुमचं काम नाही. सारांश वाचा, मग संदर्भसूचीतले पाच संदर्भ उघडून बघा, ते खरोखर अस्तित्वात आहेत का आणि तिथे लिहिलंय तेच सांगतात का. यंत्राने रचलेले खोटे संदर्भ इथेच पकडले जातात. मग मुख्य आकृती बघा आणि तिच्यातली माहिती कुठून आली हे लिहिलंय का ते शोधा. पटलं तर कोड भरा. शंका असेल तर आकृतीबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. ज्याने काम केलंय तो दोन दिवसांत तपशिलासकट उत्तर देतो.